गावाचे नाव नसलेले गाणे



आरंभी मी आपणांस एक प्रश्न विचारतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांचे मूळ गाव हेच शहर आहे? हात वर करण्याची गरज नाही. मनातल्या मनात उत्तर दिलेत तरी माझे काम भागेल. आजचा विषय जपानी गाण्यांचा आहे. पण ही गाणी ज्या दुखण्यातून निघाली, ते दुखणे आपल्याला अगदीच परके नाही.

गाव सुटल्याच्या या हुरहुरीला युरोपात 'नॉस्टॅल्जिया' हे नाव मिळाले, ते १६८८ साली. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ते बनवले. त्याच्या लेखी तो एक रोग होता. जपानी माणूस अशा वेळी 'नात्सुकाशी' म्हणतो. या शब्दाचे मूळ 'लळा लागणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. एकाने वेदना पाहिली, दुसऱ्याने लळा पाहिला.

आता गाण्यांकडे वळू. ही गाणी ऐकताना वाटते की ती फार पुरातन असावीत, आज्यांच्या तोंडून आलेली असावीत. प्रत्यक्षात त्यांतली बरीचशी शाळेसाठी मुद्दाम रचलेली आहेत. १८७९ साली जपान सरकारने संगीताच्या अभ्यासासाठी एक कचेरी उघडली. इसावा शूजी हे तिचे प्रमुख. त्यांनी बोस्टनहून मेसन नावाचे संगीतशिक्षक बोलावून घेतले आणि शालेय गीतांची पुस्तके सिद्ध केली. त्यांतले 'होतारु नो हिकारी', म्हणजे 'काजव्यांचा प्रकाश', हे गीत आजही शाळांच्या निरोपसमारंभात गातात. त्याची चाल स्कॉटलंडची आहे! पण जपानी माणसाच्या डोळ्यांत तिने पाणी येते, आणि ते पाणी काही उसने नसते.

परकी चाल इतकी जवळची का वाटली? त्या काळी जपानात स्वरांना एक, दोन, तीन असे आकडे देत. चौथा आणि सातवा स्वर वगळून जे सप्तक उरे, त्याला 'योनानुकी' म्हणत. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात, 'नुकी' म्हणजे वगळलेले. आपल्या भाषेत सांगायचे तर मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरले सा, रे, ग, प, ध. श्रोतेहो, हे तर आपल्या भूपाचे स्वर! स्कॉटलंडची ती चाल याच पाच स्वरांत बसते. 'आकातोम्बो', म्हणजे 'लाल चतुर', या गीताची चालही याच स्वरांतली. हे काव्य मिकी रोफू यांनी १९२१ साली लिहिले आणि यामादा कोसाकू यांनी १९२७ साली त्याला चाल दिली. रोफू लहान असतानाच त्यांची आई घर सोडून माहेरी गेली होती. गीतात मात्र आईचे नाव नाही. पाठीवर घेऊन हिंडवणारी दाई आहे, ती पंधराव्या वर्षी सासरी जाते, आणि पुढे गावाकडून येणारी खबरही थांबते. सगळे दुःख त्या थांबलेल्या खबरीत साठले आहे.

या साऱ्यांत अधिक सर्वतोमुखी झालेले गीत म्हणजे 'फुरुसातो', आपले मूळ गाव. ते १९१४ साली सहावीच्या सरकारी गीतपुस्तकात आले. पुस्तकात कवीचे नाव नव्हते, संगीतकाराचेही नव्हते. ताकानो तात्सुयुकी आणि ओकानो तेइइची ही नावे त्याला पुष्कळ वर्षांनी जोडली गेली. ताकानो हे डोंगराळ नागानो प्रांतातले, शिक्षणासाठी तोक्योला आलेले. ओकानो हे तोत्तोरीचे; ते तोक्योत चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. म्हणजे हे गीत दोन गाव सोडलेल्या माणसांनी केले. त्यात टेकडी आहे, नदी आहे, आईवडिलांची आणि सवंगड्यांची चौकशी आहे. गावाचे नाव तेवढे नाही. म्हणून ज्याने त्याने त्यात आपले गाव घातले.

परंतु शेवटच्या कडव्यात एक अट आहे. मनातले इप्सित साधले की एके दिवशी मी परत जाईन, असा त्याचा भाव. गाव सोडणाऱ्याला शाळेने गाणे दिले, आणि गाण्याबरोबर ही अटही दिली.

युद्धानंतर ईशान्य जपानातली पंधरा-पंधरा वर्षांची मुले खास गाड्यांनी तोक्योच्या उएनो स्थानकावर उतरत आणि कारखान्यांत, दुकानांत कामाला लागत. लोक त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. १९६४ साली इझावा हाचिरो यांनी त्यांच्यासाठी 'आ उएनो एकी' हे गीत गायले. स्थानकासमोर आज त्या गीताचे स्मारक उभे आहे. त्या मुलांतल्या ज्यांचे इप्सित साधले नाही, त्यांनी काय करावे? रिकाम्या हाताने परतायला गाण्यात जागा नव्हती.

आणि ज्यांचे गावच उरले नाही त्यांनी? २०११ च्या मार्चमध्ये भूकंप आला, समुद्र चढून आला, फुकुशिमाची अणुभट्टी फुटली. त्यानंतर हेच 'फुरुसातो' ठिकठिकाणी गायले गेले. फुताबा या गावच्या लोकांना घरी राहायला परतण्याची परवानगी मिळाली ती २०२२ साली, तीही गावाच्या काही भागापुरतीच. अकरा वर्षे ज्याच्या घराची वाट बंद होती, त्याने 'एके दिवशी परत जाईन' हे शब्द कोणत्या गळ्याने म्हणावेत?

माझे वडील कोकणातले. दर वैशाखात ते म्हणत, "हे एवढे काम मार्गी लागू दे, मग गावी जाऊ." कामे मार्गी लागत गेली, नवी निघत गेली. शेवटी त्यांच्या अस्थी घेऊन मी गेलो, तेव्हा परसातल्या विहिरीवर शेजाऱ्यांनी विचारले, "इतकी वर्षे आला का नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. 'फुरुसातो'चे शेवटचे कडवे मला समजले ते त्या विहिरीवर.

श्रोतेहो, आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण मनात दिले असेल. ज्यांचे गाव दुसरीकडे आहे आणि अजून जागेवर आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: इप्सित साधण्याची वाट पाहू नका. या वैशाखात जाऊन या.