आईवाचून लेकरू



आज आम्ही एका निराळ्या शाळेची गोष्ट सांगणार आहोत. ही शाळा मुलांची नाही. मुले वाढवणाऱ्यांची आहे.

आपल्या गावात अशी घरे आहेत, की जिथे आजी नातवाला वाढवते. मामा भाचीला वाढवतो. २०२० व २०२१ साली कोरोनाची साथ आली. तीत कितीक लेकरांचे आईबाप गेले. कोणाचा बाप अपघातात गेला, कोणाची आई बाळंतपणात. मग लेकरू नातेवाइकांच्या दारी आले. त्यांनी ते घरात घेतले. ही आपली जुनी रीत आहे, आणि चांगली आहे.

पण लेकराला घरात घेणे निराळे आणि वाढवणे निराळे. कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही चार पोरं वाढवली. आता आम्हाला काय शिकवता?" आम्हीही असेच म्हणत होतो.

वीस-पंचवीस वर्षांमागची गोष्ट. आम्ही तेव्हा चौथीचा वर्ग घेत होतो. एका मुलाच्या दप्तरात भाकरी सापडली. शिळी, बुरशी आलेली. ती दुसऱ्या मुलाच्या डब्यातली होती. आम्ही त्याला छड्या मारल्या. वर्गापुढे चोर म्हटले. तो रडला नाही. नुसता आमच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही.

मागाहून कळले. दोन महिन्यांपूर्वी त्याची आई वारली होती. तो चुलत्याकडे राहत होता. चुलता त्याला पोटभर जेवू घालत होता. मग हा पोरगा भाकरी का लपवतो? ते आम्हाला त्या वेळी समजले नाही. समजले गेल्या पावसाळ्यात.

गेल्या पावसाळ्यात आपल्या वाचनवर्गाच्या खोलीत नऊ माणसे जमली. सगळी नात्यातली मुले सांभाळणारी. शिकवणाऱ्या बाई होत्या पुण्याला. आम्ही होतो इथे. मध्ये मोबाइल. बाई आपल्याला दिसतात, आपण त्यांना दिसतो. बोलता येते, विचारता येते. याला ऑनलाइन शिकवणी म्हणतात. रेंज गेली की बाईंचे तोंड उघडेच राहायचे. मग हशा व्हायचा. पण ऐकण्याजोगे पुष्कळ होते.

आम्ही त्या भाकरीची गोष्ट बाईंना सांगितली. बाई म्हणाल्या, "आई एकाएकी गेली. आता भाकरीही एकाएकी जाईल, असं त्या लेकराला वाटतं. म्हणून ते लपवतं. ही चोरी नव्हे, भीती आहे. मारलं की भीती वाढते."

मग करावे काय? एक डबा लेकराच्या नावाचा करावा. त्यात भाकरी, शेंगदाणे, गूळ ठेवावा. "हा डबा तुझा. रात्री भूक लागली तर खा," असे सांगावे. डबा रिकामा होऊ देऊ नये. अंथरूण ओले करणे, खोटे बोलणे, उगाच भांडणे, यांच्याही मागे पुष्कळदा हीच भीती असते. आम्ही ऐकत होतो, आणि डोळ्यांपुढे तो पोरगा होता.

मग एक आजीबाई बोलल्या. त्यांची नात सात वर्षांची. रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसे. आजींनी तिला सांगितले होते, "आई पुण्याला दवाखान्यात आहे, बरी होऊन येईल." आई जाऊन आठ महिने झाले होते. आजी म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला मरण कसं सांगू, बाई?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "थोडक्या शब्दांत, पण खरं सांगा. तिच्या कोणत्या वागण्यानं आई गेली नाही, हेही सांगा. लेकरांना मनात तसं वाटतं. ती रडली तर रडू द्या. तुम्हालाही रडू आलं तर रडा."

आजींनी त्या रात्री सांगितले. पोर दोन दिवस धड जेवली नाही. आजींना वाटले, आपण चुकलो. तिसऱ्या दिवशी तिने आईची साडी मागितली. अजून ती साडी उशाशी घेऊन झोपते. थांब्यावर आता क्वचित जाते.

दत्तक मुलाचेही असेच. तू दत्तक आहेस, हे त्याला लहानपणीच घरच्यांनी सांगावे. नाही तर पाणवठ्यावर कोणी तरी सांगतेच!

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. नऊ माणसांत आठ बाया होत्या. मामा भाचीला घरी आणतो. तिचे जेवण, धुणे, आजारपण मामीकडे. आणि काही बिघडले की बोल मामीला! मामांनो, तुम्ही कुठे होता?

आता पैशांचे बोलू. आईबाप नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम वाढून महिना २२५० रुपये झाली. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावा. मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक जवळ ठेवा. कागद वाचून मगच सही करा. तुम्हाला आता वाचता येते. मधल्या माणसाला पैसे देऊ नका.

आणि कोणी म्हणाला, "दवाखान्यात एक मूल आहे, पैसे द्या, घेऊन जा," तर घेऊ नका. मूल विकत घेणे हा २०१५ च्या कायद्याने गुन्हा आहे. दत्तक घ्यायचे तर रीतसर नाव नोंदवावे लागते. लेकरू संकटात दिसले, तर १०९८ या नंबरावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

पुढचा वर्ग येत्या बुधवारी, सायंकाळी सात वाजता आहे. मोबाइल आमचा आहे. आजीबाई येणार आहेत. दोन मामांनीही येतो म्हटले आहे. बघू या.