आधी सुई बघा

आमच्या रामदासपेठेत एखाद्या जुन्या घरी अजून भारीतला रेकॉर्ड प्लेअर सापडतो. आवाज सुधारायचा म्हणून लोक नवे स्पीकर घेतात. तुम्ही आधी सुई बघा. झिजलेली सुई रेकॉर्डची खाच खरवडते. सुई नवी मिळते. हिराबाई बडोदेकरांची जुनी रेकॉर्ड पुन्हा मिळेलच असं नाही. शिलाई मशीनसारखा याचाही पट्टा सैल होतो आणि सूर डळमळतो, तो बदला. सुईचा भार कंपनीने सांगितला तेवढाच ठेवा. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला जाड सुई लागते. त्या बहुतेक लाखेच्या असतात, आपल्या पळसावर येते तीच लाख. स्पिरिटने ती विरघळते, म्हणून मऊ ब्रशने कोरडीच धूळ झाडा. घरचा प्लेअर भंगारात देण्याआधी एवढं करून बघा.