एका दिवसाची सहल : पिशवीत काय आणि वर काय



दिवाळीची सुटी संपली, शेतात कापसाची वेचणी सुरू झाली, की शाळाशाळांतून सहलीचे वारे सुटते. रोहण्यासारख्या गावातून फार लांब जाणे जमत नाही. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी होती तेव्हा तिचे स्टेशन रोहण्याला होते. आता ती गाडी नाही. एस.टी.ने आर्वी गाठावी, वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूर, म्हणजे रुक्मिणीचे माहेर, पाहावे आणि दिवस मावळायच्या आत परतावे, हा बेत बरा पडतो. थोडे काठाकाठाने चालणे, सावलीत शिदोरी, आणि कुठे नाव दिसली की मुलांचा तीत बसण्याचा हट्ट. एका दिवसाचा तर मामला, त्याची तयारी ती काय करायची, असे कोणी म्हणेल. मला त्या तयारीविषयीच बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी मी कॉलेजची मुले घेऊन असाच एका नदीवर गेलो होतो. सामानाची यादी मी स्वतः केली होती. तीत दोरीही होती. एक मुलगा शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि पाण्यात गेला. "दोरी काढा, दोरी काढा" म्हणून मी ओरडलो. दोरी होती हो, पण पिशवीच्या तळाशी! तिच्यावर भाकरींचे गाठोडे, त्यावर चुनाचा डबा, त्यावर सतरंजी. आम्ही डबे उपसत होतो तोवर एका नावाड्याने आपला बांबू पुढे केला आणि पोराला ओढून घेतले. दोरी हाती आली तेव्हा पोरगा काठावर बसून थरथरत होता. यादी बरोबर होती, पिशवी चुकली होती.

भूक केव्हा लागेल ते आपल्याला ठाऊक असते. पाय केव्हा घसरेल ते नसते. म्हणून शिदोरी खाली जावी आणि दोरी वर यावी. आपण नेमके उलट करतो, कारण पिशवी भरताना मन जेवणाकडे असते.

पाण्याची गोष्ट मी इतक्या आग्रहाने का सांगतो? १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, वरुड तालुक्यात झुंज येथे नाव उलटून एकाच गोतावळ्यातल्या अकरा जणांचा मृत्यू झाला. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल नावेत बसली होती. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. सहलीचाच दिवस होता तो. मुलांच्या आयांनी सकाळी डबे भरून दिले असतील.

तेव्हा गुरुजी, नावेत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात तरंगते जॅकेट पाहिजे. नावेच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवलेले जॅकेट कामाचे नाही. ते अंगात घालून पट्टे आवळा, मग खांद्याला धरून वर ओढून पाहा. ते हनुवटीच्या वर कानांपर्यंत सरकले तर मुलाला मोठे होते. जॅकेटे कमी पडली तर मुले काठावर बसतील. रुसली तर रुसू द्या.

दुसरी वस्तू घरचीच. पूर्वी पोरे वाळलेले भोपळे पाठीला बांधून पोहायला शिकत. आता पाच लिटरचा प्लास्टिकचा रिकामा डबा घ्या, झाकण घट्ट लावा. पाण्यात माणसाचे अंग जवळजवळ तरंगतेच. तोंड वर राहण्यापुरता ३ ते ५ किलो भाराचा आधार मिळाला तरी पुरतो, आणि हा डबा तेवढा आधार देतो. त्याच्या कडीला पन्नास फूट दोरी बांधा. सुताचा दोर भिजला की जड होतो. पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची दोरी बरी. घरी बादलीत टाकून पाहा, तरंगते की बुडते ते कळेल. डब्यात कपभर पाणी ठेवले म्हणजे फेकताना तो वाऱ्याने भरकटत नाही. बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायचा आणि ओढत त्याच्या हातापर्यंत आणायचा. फेकणाऱ्याने खाली बसावे, दुसऱ्याने त्याला मागून धरावे, आणि दोरी कमरेला कधीही बांधू नये. पोहता येते म्हणून उडी घेणारा पुष्कळदा दुसरा बळी होतो. ही दोरी पिशवीत मुळीच घालू नका. ती हातात असावी. हा डबा जॅकेटाच्या जागी मात्र चालत नाही.

आणखी एक. धनोडीजवळ निम्न वर्धा धरण झाल्यापासून त्याच्या वरच्या अंगाला पाणी साठून राहते. "इथं गुडघाभरच असते" ही वडीलधाऱ्यांची जुनी ओळख तिथे धरून चालू नये. त्या दिवशी काठावर असेल त्या माणसाला विचारावे.

चालण्याचे सामान थोडक्यात सांगतो. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझे नको. एका खांद्याच्या झोळीपेक्षा दोन पट्ट्यांचे दप्तर बरे. जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्या. पायात नवे पायतण नको, चालून मऊ झालेले हवे. भाकर, ठेचा, गूळ-फुटाणे आणि आपल्याकडची संत्री. साली परत आणायच्या. पाणी माणशी दोन लिटर, उन्हाचे दिवस असतील तर जास्त. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. मिठाचे माप चुकवू नये. मोबाइल आणि काडेपेटी प्लास्टिकच्या थैलीत घाला, तोंड पिळून दुमडा, पुन्हा बांधा. साप चावला तर कापणे नाही, आवळणे नाही. मुलाला हलू न देता सरकारी दवाखाना गाठा. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक गुरुजींच्या खिशातल्या कागदावर असावा, कारण मोबाइल भिजतो तेव्हा त्यातले क्रमांकही जातात.

आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर दोरी पुरेल एवढ्या अंतरावर एक मुलगा उभा करा आणि दहा-दहा जणांना डबा फेकायला लावा. पहिले काही डबे भलतीकडेच जातील आणि मुले हसतील. हसू द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नेम लागू लागतो. संध्याकाळी ती दोरी गुंडाळताना गाठी पडणार नाहीत एवढे पाहा, आणि सहलीहून आल्यावर ती सावलीत वाळवूनच ठेवा.