बिडी सोडताना आधार कोणता घ्यावा?

सातारा-सांगलीत बिडी सोडू पाहणारे बरेच जण निर्धारावरच विसंबतात, किंवा बिडीऐवजी मिश्री, तंबाखूची चिमूट धरतात. हा दुसरा मार्ग सुटकेचा नाहीच; तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यात कायम राहतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, धूम्रपान करणारे जेमतेम ४ टक्के. पर्याय निवडताना हे ध्यानात हवंच.

आधार म्हणून निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी घेता येते. निकोटीननेच निकोटीन कसं सुटणार, ही शंका रास्त आहे. पण बिडीतलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, सोबत डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड आणतं. च्युइंगम किंवा पट्टीतून ते सावकाश आणि धुराविना मिळतं. अशा उपचाराने सोडण्यात यश येण्याची शक्यता साधारण निम्म्याने वाढते, असं अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. समुपदेशनाची जोड मिळाली तर अधिकच. मात्र गम चघळत सुटू नये: थोडा चावून गालात ठेवावा, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी टाळावी. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल, तर मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. खर्चाची चिंता असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळतं.