स्वादुपिंड बदलायला गटाचं कर्ज?

ताई-मावश्यांनो, बैठकीत एकीने विचारलं, "स्वादुपिंड बदललं तर पोरीची इन्सुलिनची सुई सुटेल का? गटातून कर्ज मिळेल का?"

हे ऑपरेशन खरं आहे. पहिलं अमेरिकेत १९६६ साली झालं. नुसत्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यकृताच्या शिरेत सोडायचीही पद्धत आहे. पण अवयव बहुधा मेंदू मृत झालेल्या दात्याचा लागतो. शिवाय शरीराने तो नाकारू नये म्हणून कायम गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणजे सुई सुटली तरी औषध सुटत नाही! म्हणून डॉक्टर हे जास्त करून किडनीही निकामी झालेल्या टाइप १ च्या मोठ्या माणसांना सुचवतात. आपल्याकडच्या बहुतेक बायांची शुगर टाइप २ ची.

अवयवाची प्रतीक्षायादी झेडटीसीसीकडे असते, एजंटाकडे नाही. त्याला एक रुपयाही देऊ नका. टाइप १ च्या लेकराचं इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. आधी सिव्हिलला दाखवा, कर्जाचं मग बोलू.