नाव काय ठेवलंस?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवानिमित्त घरोघरची जुनी खेळणी गोळा करून बालवाडीला द्यायची ठरली आणि कमिटीने ते काम माझ्यावर सोपवलं. मला वाटलं, दोन पिशव्या घेऊन जिने चढायचे, झालं! पण बी विंगमधल्या एका छोट्याने आपलं अस्वल देता देता मला बजावलं, "आजी, ह्याचं नाव भोपळू आहे. तिकडे सांगा हं. नाहीतर तो ओ देणार नाही."

मग मी वहीच काढली. ३१ खेळणी जमली, त्यातल्या २२ जणांना नावं होती. एका कापडी हत्तीचं नाव तर 'चिंटूचे बाबा'! का, तर चिंटू नावाचा उंदीर त्या घरात आधी आला होता.

'टेडी' हेसुद्धा एका माणसाचंच नाव, बरं का. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ साली शिकारीत, झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावरचं व्यंगचित्र पाहून ब्रुकलिनच्या एका दुकानदार जोडप्याने कापडी अस्वल शिवलं आणि त्याला अध्यक्षांचं टोपणनाव दिलं. १९५९ साली आलेली बार्बी ही तिला घडवणाऱ्या बाईंच्या लेकीच्या, बार्बराच्या नावाची. आमच्या लहानपणी लाकडी बाहुली म्हणजे ठकी. ह्या घरीही ठकी, त्या घरीही ठकी.

माझी मात्र सोनाली होती.

मी सहा वर्षांची असताना आईला दिवस गेले होते. आजी म्हणाली, "बहीण झाली तर नाव तू सुचव." मी 'सोनाली' ठरवून टाकलं. आई दवाखान्यातून परत आली ती रिकाम्या हातांनी. घरात कोणी काही बोलेना. मला ते नाव कुठे ठेवावं कळेना. शेवटी आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीबाहुलीचं मी गुपचूप बारसं केलं. आत्या मीच, कानात कुर्रर्र करणारीही मीच. 'सोनाली' म्हणून हाक मारली आणि पाहते तर दारात आई!

वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण आई आत गेली आणि ट्रंकेतून एक पांढरं झबलं घेऊन आली. बाहुलीला घालून पाहिलं, तर ढगळ झालं. तिने तिथेच बसून चार टाके घातले नि म्हणाली, "आता बसलं बघ."

त्या बाळाविषयी आमच्या घरात पुढे कधीच बोलणं झालं नाही. पण दिवा मालवताना आई रोज मला विचारायची, "सोनाली झोपली का गं?"

म्हणून ह्या सगळ्या खेळण्यांच्या गळ्यात मी नावाची चिठ्ठी बांधली आहे. बालवाडीच्या बाईंना सांगितलंय, मुलांनी नवं नाव ठेवलं तर खुशाल ठेवू देत, फक्त आधी जुनं सांगा.

वहीत ३२वं नावही लिहिलं होतं मी. परवा खोडलं. ती देऊन टाकण्याइतकी मी अजून मोठी झालेली नाही.