जखमेवरील काच

काच फुटली कीं ती कोणाच्या पायांत शिरूं नये, एवढीच काळजी घरोघर वाहिली जाते. तीच काच जखमेंत मुद्दाम ठेवावी असें कोणी सुचविल्यास बारामती-इंदापूरकडील कऱ्हाटी मुलखांतील एखादी आजी तत्काळ हळदीचा डबा काढील!

तथापि गोष्ट खरी आहे. व्हिएतनामच्या युद्धांत हातपाय गमावणाऱ्या सैनिकांची हकीकत १९६७ सालीं एका लष्करी अधिकाऱ्यानें लॅरी हेंच या अमेरिकन शास्त्रज्ञास ऐकविली. शरीर परकें मानणार नाहीं असा पदार्थ हवा होता. हेंच यांनीं १९६९ सालीं एक काच घडविली. खिडकीच्या काचेंत शेंकडा सत्तरांहून अधिक सिलिका, म्हणजे वाळूचें सार, असतें. म्हणून ती पावसास दाद देत नाहीं. हेंच यांच्या काचेंत तें अवघें ४५. बाकी सोडियम व कॅल्शियम यांचीं ऑक्साइडें प्रत्येकीं २४.५ आणि फॉस्फरसचें ६. ही काच शरीरद्रवांत झिजते, तिच्यावर हाडांतील खनिजासारखा थर धरतो व हाड तिला घट्ट बिलगतें.

कातडीच्या जखमेस मात्र अधिक लवकर विरघळणारी काच लागते. सिलिकेऐवजीं बोरेट वापरून मिसूरी येथें डेल्बर्ट डे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कापसासारखे तंतू तयार केले. २०१६ सालीं त्यांच्या वापरास अमेरिकेंत परवानगी मिळाली. तंतूंचें जाळें नव्या मांसास आधार देतें, आणि त्यांतून सुटणारीं द्रव्यें नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतात, असें प्रयोगांत आढळलें आहे.

कऱ्हाटींत ही वार्ता अगदींच परकी वाटूं नये. उसाची पात हात चिरते, ती पातीच्या कडेस सांठलेल्या सिलिकेमुळेंच! पण खरी चिंता कोयत्याच्या ताज्या घावाची नव्हे. तो बहुधा भरून येतो. मधुमेह्याच्या बधिर पायांत काटा मोडला तर कळतही नाहीं, आणि तें क्षत महिनोन्‌महिने ओलें राहतें. अशा हट्टी जखमांसाठींच हे तंतू आहेत.

बांगडी वा बाटली कुटून मात्र कोणीं जखमेवर घालूं नये. ती काच विरघळत नाहीं, नुसती रुतते. आणि औषधी काच हातीं असली तरी जखम धुणें, मेलेलें मांस शल्यवैद्याकडून काढविणें, रक्तांतील साखर आवरणें व त्या पायावर भार न देणें, हीं कामें आधीं करावींच लागतात.